अर्लीथाचा पेशंट

अर्लीथा बॉयकिन आमच्या कॉलेजात आली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती, आणि पहिल्याच दिवशी तिने मला ‘मॅडम’ म्हटलं. मी तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी. म्हटलं, “मॅडम वरच्या मजल्यावर बसतात आणि कुणाला भेटत नाहीत. मी मिस ओडेसा. फॉर्म इकडे दे.”

मी दातांच्या क्लिनिकच्या दारातल्या टेबलाशी बसते. बावीस वर्षं झाली. खाली वेल्डिंगचा वर्ग, शेजारी नव्याने देशात आलेल्यांचा इंग्रजीचा वर्ग, आणि मधे आमच्या बारा खुर्च्या. तिथे विद्यार्थी क्लीव्हलँडच्या गोरगरिबांचे दात साफ करून देतात आणि करता करता शिकतात. लिफ्ट बहुतेक बंद असते. कॉलेज सगळ्यांसाठी उघडं आहे असं दारावर लिहिलंय, ते खरंही आहे, पण आत आलेल्यांतले निम्मे पहिल्या हिवाळ्यातच दिसेनासे होतात. कुणाची कामाची पाळी बदलते, कुणाची आई आजारी पडते, कुणाची गाडी मोडते. मी नावं पाठ करायचं सोडून दिलं होतं. अर्लीथाचं नाव मात्र राहिलं.

ती एकोणीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आणि शिकतानाही ती नोकरी चालूच होती. दोन मुलींना तिथल्याच नोकरीवर वाढवलं, आईचं शेवटचं आजारपण तिथूनच रजा काढून केलं. दातांकडे कशी वळलीस, असं मी विचारलं तर म्हणाली, “सफरचंदांमुळे. मुलांच्या ताटातली सफरचंदं तशीच परत यायची. मला वाटायचं, काय माजलीत पोरं. एकदा एका मुलीला दटावलं तर तिने तोंड उघडून दाखवलं. तिला चावताच येत नव्हतं, मिस ओडेसा. आणि मी तिला दटावत होते.”

शरीरशास्त्रात ती एकदा नापास झाली. पुन्हा बसली. मग दातांच्या अभ्यासक्रमाच्या यादीत नाव लागायला एक वर्ष थांबली. वर्गातल्या पोरी तिच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. त्या तिला ‘मिस अर्लीथा’ म्हणायच्या आणि अभ्यासापेक्षा आपल्या प्रियकरांच्या तक्रारी तिच्याकडे जास्त आणायच्या. एकमेकींच्या तोंडात अवजारं घालून सराव चाले, तेव्हा सगळ्यांना तिच्याच खुर्चीत बसायचं असे, कारण तिचा हात हलका होता. स्वयंपाकघराच्या सवयीने ती डबा उभ्यानेच खायची. मी खुर्ची सरकवली की म्हणायची, “बसले तर झोप लागेल.”

आता आमच्या परीक्षेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. हल्ली प्लास्टिकचा जबडा देतात. तेव्हा तसं नव्हतं. दोन वर्षं शिकून झाल्यावर परवान्याच्या परीक्षेला विद्यार्थ्याने आपला पेशंट आपणच आणायचा. जिवंत माणूस. आणि त्याच्या दातांवर पुरेसं कीटण हवं, घट्ट, जुनं, ठरलेल्या दाढांवर, ठरलेल्या बाजूंना. बाहेरगावचे परीक्षक आधी तोंड तपासणार; कीटण कमी भरलं तर पेशंट बाद, आणि पेशंट बाद म्हणजे विद्यार्थी बाद. मग चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या गावी पुन्हा.

म्हणजे बघा, दोन वर्षांची मेहनत तुमची, आणि निकाल दुसऱ्याच्या दाढेवर. मला या परीक्षेचा पहिल्यापासून राग होता. जानेवारी उजाडला की आमच्या पोरी बसमध्ये, लाँड्रीत, लग्नात लोकांच्या तोंडांकडे बघत हिंडायच्या. कुणी मोठ्याने हसलं की यांची मान वळलीच. एक पोरगी एका कंटाळवाण्या माणसाबरोबर तीनदा जेवायला गेली, ती केवळ त्याच्या खालच्या दाढांसाठी.

अर्लीथाला तिचा पेशंट चर्चमध्ये सापडला. शुक्रवारी तिथे तळलेल्या माशांचं जेवण असतं. ती पानं वाढत होती आणि डीकन लिओटिस गॅडसन कुणाच्या तरी विनोदावर हसले. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, सहा फुटी, मितभाषी माणूस. चर्चमध्ये त्यांचा शब्द पाळकाच्या खालोखाल. हसताना ते नेहमी तोंडावर हात धरत, त्या दिवशी हातात ताट होतं. अर्लीथा मला सोमवारी सांगायला आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. “अठरा वर्षं दाखवलेलं नाही म्हणे कुणाला. मिस ओडेसा, खाली डाव्या बाजूला भिंत आहे भिंत.”

“विचारलंस?”

“विचारलं. हो म्हणाले.”

“काय म्हणून विचारलंस?”

इथे ती जरा घुटमळली. ज्या माणसासमोर ती लहानपणी रविवारच्या शाळेत हात जोडून उभी राहिली, त्याला ‘तुमचे दात घाण आहेत म्हणून तुम्ही हवेत’ असं सांगायला तिची जीभ रेटली नाही. ती म्हणाली होती, “डीकन, माझ्या परीक्षेला तुमच्यासारखाच माणूस हवाय.” फेब्रुवारीत मोजमापाला आले तेव्हाही तिने आरसा फिरवून एवढंच म्हटलं, “अगदी उत्तम. परीक्षेला याहून चांगलं तोंड मिळणार नाही.” मी टेबलामागून ऐकत होते. डीकन खुर्चीतल्या खुर्चीत दोन इंच वाढले.

मी तिला बाजूला घेऊन बजावलं, “त्यांना नीट सांग. मधेच कुठे साफ करून घेतील.”

“तसं सांगायची बंदी आहे,” ती म्हणाली. होतीच. आमच्या प्रमुख मिसेस कोवाच यांनी वर्गाला स्पष्ट ताकीद दिली होती, की स्वतःच्या परीक्षेसाठी कुणालाही उपचार टाळायला लावायचे नाहीत. तसं कळलं तर त्या स्वतः त्या विद्यार्थ्याचं नाव काढून टाकणार होत्या. बाकीच्या पोरी डोळे मिचकावून पेशंटला सुचवायच्याच. अर्लीथाने नाही सुचवलं. “शिवाय ज्यांनी अठरा वर्षं दातांच्या डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही, ते आता कशाला जातील? घाबरतात ते. माझ्याकडे आले तेच मोठं.”

परीक्षा मेमधल्या एका शनिवारी सकाळी होती. अर्लीथाला पश्चिमेकडच्या एका दवाखान्यात नोकरी कबूल झाली होती, जूनपर्यंत परवाना हातात आला तर. शाळेतल्या नोकरीचा राजीनामा लिहून तिने पर्समध्ये ठेवला होता.

डीकन साडेसातलाच हजर. करड्या रंगाचा सूट, ईस्टरला घालतात तो, आणि बुटांना पॉलिश. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी टोपी काढली, “गुड मॉर्निंग, मिस ओडेसा,” म्हणाले आणि हसले. हात न धरता हसले. दात पांढरेशुभ्र होते.

“डीकन,” मी म्हटलं, “तुम्ही कुठे जाऊन आलात का?”

“माझ्या मुलीच्या दातांच्या डॉक्टरकडे. दोन खेपा झाल्या.” त्यांनी आवाज खाली आणला. “खरं सांगतो, दोन्ही वेळा गाडीतून उतरायला अर्धा तास लागला मला. पण म्हटलं, बाहेरगावची माणसं तपासायला येणार, अर्लीथाची मान खाली जायला नको. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडतोच की.”

तेवढ्यात अर्लीथा आतून आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि सगळं तिला एका क्षणात कळलं, हे मला कळलं. राखीव म्हणून ठरवलेला तिचा मावसभाऊ सकाळपासून फोन उचलत नव्हता. तिने त्यांची टोपी हातात घेतली आणि म्हणाली, “डीकन, किती छान दिसताय. या आत.”

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याशी रुमाल बांधला, आरसा घेऊन एकेक दाढ बघितली. कुठे काही उरलंय का ते शोधत असणार. मग परीक्षकांकडे पाठवलं. दहा मिनिटांत ते परत आले, हातात बाद झाल्याची चिठ्ठी, बंद पाकिटात. पाकीट अर्लीथाने उघडलं, वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

“काय म्हणतात?” डीकननी विचारलं.

“म्हणतात, यांच्या तोंडात आम्हाला करण्यासारखं काही नाही.”

“म्हणजे मी पास?”

“तुम्ही पास, डीकन.”

ती त्यांना खाली गाडीपर्यंत सोडून आली. शेजारच्या अकरा खुर्च्यांवर काम चालू होतं, तिची रिकामी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सांगितलं का नाहीस?” मी म्हटलं. “दोन वर्षं गेली तुझी पाण्यात, आणि तो माणूस शीळ घालत घरी चाललाय.”

“काय सांगू?” ती म्हणाली. “गाडीतून उतरायला ज्यांना अर्धा तास लागला त्यांना सांगू, की उतरायला नको होतं?” मग ती बसली. दोन वर्षांत तिला बसून रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. रडली, तोंड धुतलं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या पोरीला दिवा धरून द्यायला गेली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम तिच्या चर्चमध्ये गेले. साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची वेळ आली तसे डीकन उठले. म्हणाले, देवाने मला सत्तराव्या वर्षी भीतीतून सोडवलं, आणि ते सिस्टर अर्लीथाच्या हातून. म्हणाले, परीक्षकांनी पाहिलं आणि बोटसुद्धा लावलं नाही, इतकं सगळं स्वच्छ होतं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. पुढच्या बाकावरून अर्लीथा ‘आमेन’ म्हणाली. मी नाही म्हटलं.

पश्चिमेकडची नोकरी दुसऱ्या कुणाला गेली. राजीनामा पर्समधून बाहेर आलाच नाही. अर्लीथा पुन्हा शाळेच्या उन्हाळी स्वयंपाकघरात गेली. तिथे तिला डीकननी पाहिलं, आणि ते थेट माझ्या टेबलाशी आले. मी तीन आठवडे याचीच वाट बघत होते. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं, एक शब्दही गाळायचा नाही असं.

“मिस ओडेसा,” ते म्हणाले, “अर्लीथा अजून शाळेत ताटं वाढतेय. खरं सांगा, माझ्यामुळे तर काही बिघडलं नाही ना?”

ते टोपी दोन्ही हातांनी धरून उभे होते. मी तोंड उघडलं, आणि मलाच माझा आवाज ऐकू आला, “नाही, डीकन. तुमचं काही नाही.”

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग मान हलवली. “म्हणजे तिचाच हात चुकला कुठेतरी. बिचारी. तिला सांगा, खचू नकोस. हात बसायला वेळ लागतो. पुढच्या परीक्षेलाही मी येईन. तोवर दर महिन्याला साफ करून घेत राहतो.”

इतकं कडू मी आयुष्यात गिळलेलं नाही. अर्लीथाला निरोप सांगितला तेव्हा वाटलं, आता तरी चिडेल. चर्चभर तिचाच हात चुकल्याचं होणार होतं. “होऊ दे,” म्हणाली. “हात माझा आहे, मला माहीत आहे तो कसा आहे.”

पुढची परीक्षा सप्टेंबरात कोलंबसला होती. पेशंट म्हणून गाडीदुरुस्तीच्या वर्गातली नेरेइडा मिळाली. खमकी बाई, तिला अर्लीथाने सगळं स्वच्छ सांगितलं, आणि ती खो खो हसून तयार झाली. तीन दिवसांवर परीक्षा आली आणि अर्लीथाच्या गाडीने मान टाकली. डीकन म्हणाले, मी नेतो, नाहीतरी मला यायचंच आहे. दोन तासांचा रस्ता, त्यांची मोठी ब्यूक, मागे आम्ही तिघी. नेरेइडाला मी आधीच दम भरला होता, एक अक्षर काढलंस तर बघ.

“ही कोण?” डीकननी आरशातून विचारलं.

“हिचं काम आधी,” अर्लीथा म्हणाली. “तुम्ही राखीव आहात, डीकन. हिच्यात काही कमी पडलं तर तुम्ही.”

ते समाधानाने मान डोलावून गाडी चालवत राहिले. अर्लीथा त्या दिवशी उत्तीर्ण झाली. आणि डीकन गॅडसन सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत करडा सूट घालून बाहेरच्या बाकावर ताठ बसून होते. मधे दोनदा उठून दात घासून आले. नाव पुकारलं नाही म्हणून परतताना थोडे हिरमुसलेही.