दुप्पट झालेलं तळं

ऑफिसात तिला सगळे उपग्रहबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती उपग्रहाच्या चित्रांवरून एकाच तळ्याचं पाणी मोजत होती, आणि दरवर्षी नकाशातला निळा डाग लहान होत चालला होता. "आजाऱ्याच्या उशाशी बसायचा पगार मिळतो मला," असं ती चिडून म्हणे.

यंदा मात्र डाग एकदम दुप्पट झाला. जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय ती कधी अवाक्षर काढत नसे. या वेळी तिला राहवलं नाही. तिने आधी वडिलांना फोन केला. त्यांची सगळी हयात त्याच तळ्यावर नाव वल्हवण्यात गेली होती. "बाबा, पाणी आलंय!"

मग ती पाहायला गेली. तळ्याच्या कोरड्या पात्रात सोलर पॅनेल पसरले होते. त्या काळ्या काचांनाच संगणक पाणी समजला होता, आणि तीही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा बाबा अंगणात पालथ्या नावेला डांबर फासत होते. "किती खोल आहे गं?" त्यांनी विचारलं.

बाबांनी तिच्या धुळीने माखलेल्या बुटांकडे पाहिलं, आणि डांबराच्या डब्याला झाकण लावलं.