कुरडयांवर पडलेला रशियाचा ढग

लग्न होऊन रायपूरला आल्यावर नवव्या दिवशी मी सासूबाईंच्या वर्षभराच्या कुरडया परसात खड्डा करून पुरल्या, आणि त्या दुपारी झोपल्या असताना त्यांच्या मानेला टिंक्चर आयोडिन फासलं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना म्हातारी शहाणपणाचा आव आणते आहे असं तुम्हाला वाटायला नको. मी शहाणी नव्हते. मी फर्स्ट क्लास बीएस्सी होते. दोन्ही एक नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुलगावातच मागे राहिलेल्यांनो, तुम्ही त्या दिवशी स्टेशनवर होतात. वैशाखाचं ऊन, फलाटावरच्या नळाला पाणी नाही, आणि मी हिरव्या शालूत घामाने भिजलेली. (माझ्यासारखं गाडीत बसून कुठे कुठे गेलेल्यांनो, तुमचाही असा एक फलाट असेलच.) आई रडत होती. माझे बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यांना चारचौघांत रडता येत नसे. त्यांनी खिडकीतून दोन वस्तू आत दिल्या. एक त्या दिवशीचा पेपर, दुसरी टिंक्चर आयोडिनची तपकिरी बाटली.

"विळीनं बोट कापलं तर नव्या घरी कोणाले मागत बसू नको," ते म्हणाले. "आन् पोरी, वाचलेलं बोलत जाय. मनात ठेवू नको."

गोंदियापर्यंत मी रडले. मग कंटाळा आला म्हणून पेपर उघडला. तेव्हाच्या रशियात चेर्नोबिल नावाच्या गावाजवळ अणुभट्टी फुटली होती आणि तिचा ढग वाऱ्यावर निघाला होता. शेजारी नवरा पेंगत होता. मी त्याला कोपराने ढोसून म्हटलं, "अहो, ढग निघाला." त्याने खिडकीबाहेर निळंभोर आकाश पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळे मिटले. आमचं पहिलं संभाषण ते.

भनपुरीच्या बाजूला सासऱ्यांचं रेल्वेचं क्वार्टर होतं. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि धाकटा दीर विनायक. आठ दिवस मी डोक्यावर पदर घेऊन रेडिओला कान लावला. तिकडे गावंच्या गावं रिकामी करत होते. मुलांना आयोडिन देत होते, गळ्यातल्या ग्रंथीसाठी. मला त्या बाया दिसायच्या, हातात एक पिशवी घेऊन बसमध्ये बसलेल्या. त्यांना तीन दिवसांसाठी निघा असं सांगितलं होतं, हे मी फार नंतर वाचलं. मलाही आईने "मांडवपरतणीले येशीलच" एवढंच सांगून गाडीत बसवलं होतं.

आणि नवव्या दिवशी सकाळी अंगणात गेले. खाटांवर सासूबाईंचं जुनं लुगडं, त्यावर कुरडया. तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून, सोऱ्या दाबून हाताला फोड आलेल्या कुरडया. त्या सगळ्यांवर काळी बारीक धूळ बसलेली. मी बोट फिरवलं. बोट काळं.

मला वाटलं, आला. रशियाचा ढग रायपूरला पोहोचला.

आता हसू येतं. ढगाने अर्धं जग ओलांडावं आणि सगळं सोडून आमच्याच कुरडयांवर येऊन बसावं! पण मी शपथेवर सांगते, तेव्हा मला पुलगावच्या प्रयोगशाळेत उभी असल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. सासूबाई शेजारी बसायला गेल्या होत्या, तेवढ्यात मी कुदळ घेतली. खड्डा, कुरडया, माती. मग पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, सात पोट्टी ओळीने उभी करून त्यांच्या मानांना टिंक्चर लावलं. ते फासून ढिम्म काही होत नाही, पोटातून द्यायचं औषध वेगळं, हे बीएस्सीला ठाऊक असायला हवं होतं. दुपारी सासूबाई परत येऊन अंगणात न डोकावताच झोपल्या, त्यांनाही रंगवलं. विनायक भाऊजी मात्र पेरूच्या झाडावर चढून बसले. मी खालून बाटली दाखवून "भाऊजी, उतरा, ऐका माझं," करत होते, आणि ते वरून कच्चे पेरू मारत होते.

सासूबाई उठल्या. आरशात मान पाहिली, मग रिकाम्या खाटा पाहिल्या. मला वाटलं, आता पुलगावचं तिकीट. पण त्या धपकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अवं माय, हे रोजचंच हाय. उरल्याकडून वारा आला का बसते. झटकून तळाच्या असतात."

शेजारच्या उरल्यातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलची धूळ होती ती.

सासूबाईंनी मला माफ केलं. पुढच्या वर्षी कुरडया घालताना मला शेजारी बसवून म्हणाल्या, "यंदा पुरायच्या आधी सांगजो." सूड घ्यावा असं त्यांनी काही केलंच नाही. तो भाऊजींनी उगवला.

त्या वर्षी गणपतीत भाऊजींनी आमच्या मराठी मंडळात प्रहसन बसवलं, 'रशियाची सून'. माझं काम त्यांनीच केलं. माझ्याच शालूत. शालू मला न विचारता माझ्या नवऱ्याने कपाटातून काढून दिला होता. ट्रकवर चिकटवायचं हिरवं रेडियम भनपुरीच्या दुकानातून कापून आणलं होतं. ते मानेला लावून भाऊजी दिव्यासमोर चमकायचे आणि किंचाळायचे, "ढग आला, ढग आला!" मग सासूचं वाक्य, "अवं माय, हे रोजचंच हाय." यावर हशाने मंडप कोसळायचा. पहिल्या रांगेत सगळ्यांत मोठ्याने मी हसले. हसले नसते तर आणखी हसले असते लोक.

प्रहसन दरवर्षी व्हायला लागलं. दिवाळीत पोट्टे माझ्या दारात डब्याखाली ॲटम बॉम्ब लावून ओरडायचे, "वहिनी, पळा!" कुणाच्या शर्टावर हळदीचा डाग पडला तरी "रशिया आला." एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा निघाली. मी मुलाखतीला गेले. मुख्याध्यापकांनी माझा अर्ज वाचला, ओठ दाबले आणि विचारलं, "कुरडयावाल्या त्या तुम्हीच का?" मी घरी आले आणि पुन्हा कुठे अर्ज केला नाही. बाबांचं वाक्य तेव्हापासून पेटीत, टिंक्चरच्या बाटलीशेजारी. वाचायची मी पुष्कळ. बोलायची नाही.

भाऊजी त्याच उरल्याच्या मिलमध्ये लागले. तीस वर्षं ऑफिसात बसले. सिलतऱ्याकडे नवे कारखाने आले तशी धूळ वाढली. आता त्यांची छाती घरघरते, खिशात पंप असतो. मला वाईट वाटतं का? वाटतं. पण खरं सांगू, ते खोकले की माझ्या मनात आधी एक बारीकसं "उतरा म्हटलं होतं ना" येतं आणि वाईट मागाहून वाटतं. देवाने मला असंच केलंय.

परवा नात मोबाइलवरचा खेळ दाखवत म्हणाली, "आजी, रेडिएशन से आदमी हरा होकर चमकता है न?" मी म्हटलं, "नाही गं पोरी. आदमी दिसतो तसाच दिसतो. म्हणून तर कोणी ऐकत नाही."

गेल्या गणपतीत मंडळाने मधे बंद पडलेलं जुनं प्रहसन पुन्हा करायचं ठरवलं. भाऊजी शालू मागायला आले, या वेळी पहिल्यांदाच मला विचारून. मी म्हटलं, "शालू देते. पण आत मी राहीन. तुम्ही सासू व्हा."

"वहिनी, तुम्हाले पाठ होईल काय?"

"पाठच हाय. इतकी वर्षं समोर बसून पाह्यलं."

मी आठवडाभर गच्चीवर एक पांढरी थाळी ठेवली. झाकली नाही, पुसली नाही. प्रयोगाच्या दिवशी ती रुमालाखाली घेऊन स्टेजवर गेले. शालू आता पोटावर पुरत नव्हता, लोक त्यावरच हसले. मी किंचाळले, "ढग आला!" भाऊजी सासूच्या लुगड्यात बसून म्हणाले, "अवं माय, हे रोजचंच हाय." मंडप कोसळला.

मी हसणं संपू दिलं. रुमाल काढला. थाळीवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट भाऊजींच्या कपाळावर आडवं ओढलं.

"रोजचंच हाय, तर मंग खोकता काहून?"

हे लिहिलेलं नव्हतं. भाऊजी बोलायला गेले आणि त्यांना खरी उबळ आली. लोकांना अभिनय वाटला, काही हसले. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला, तीही खोकत होती. मागूनही कोणाचा खोकला ऐकू आला, हसणं थांबलं. मी थाळी घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं वाट पाहिली होती, एवढ्यात कशाला हलू? साथीला बसलेला नवरा तबल्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहत होता. त्यालाही पाहू दिलं.

पुलगावला जाते कधी भाच्याच्या लग्नाला. दुसऱ्या दिवशी सवयीने खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवते. बोट स्वच्छ निघतं, आणि कळतं की आपण इथे पाहुण्या. माझं बोट काळं होतं ते भनपुरीत. तिथेच माझं घर, आणि त्या धुळीवर रागवायचा हक्कही मला तिथेच.

त्या रात्री प्रहसनाचा पडदा पडल्यावर भाऊजी आत खुर्चीवर बसले होते. पंप ओढून झाला होता, कपाळावरची रेघ तशीच. मी शालू सोडवत होते. त्यांनी लुगड्याचा पदर मानेवरून बाजूला केला, मान माझ्यापुढे वाकवली आणि म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी माहीच मान राहून गेली होती. आता लावा."