कल्याण ते वडपे, धक्के खात

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि वर्णनं लिहितात. मी कल्याणहून वडप्याला जाऊन आले, तेही नवऱ्याच्या गाडीतून. माझंच जास्त थरारक आहे.

साडेदहाला निघालो. नणंदेच्या मनीषाचं लग्न, मुहूर्त सव्वाबाराचा. आमचे हे तिचे एकुलते एक मामा. अंतरपाटाशी नवरीच्या मागे मामा उभा राहतो, म्हणजे आम्ही नाही पोचलो तर पोरगी ताटकळणार.

किल्ली फिरवली, गाडी 'घर्र… घर्र… घ' करून थांबली. समोरचे दिवे मिणमिणले.

"अहो, बॅटरी गेली हिची. आठवडाभर रोज सकाळी हेच रडगाणं."

हे लाईट ऑफिसात नोकरीला. म्हणाले, "व्होल्टेज कमी आहे गं. थांब जरा, येईल."

चौथ्या खेपेला खरंच चालू झाली. मग काय, ह्यांची कॉलर ताठ.

कोनला म्हैस आडवी आली. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज. म्हशीने ढुंकूनही पाहिलं नाही, शेवटी मीच खिडकीतून 'हाऽड' केलं. तिथे वडापाव घेतला, पण इंजिन मी बंद करू दिलं नाही. वडा मात्र झकास होता, नाकातून पाणी काढणारा.

नारपोलीत यंत्रमागांच्या गल्लीत ताग्यांचा (कापडाच्या गुंडाळ्यांचा) टेम्पो अडला होता. एरवी इथे खटखटाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण भारनियमन चालू, सगळे लूम गप्प, कारागीर ओट्यावर बसलेले. "पेट्रोल जळतंय," म्हणत ह्यांनी गाडी बंद केली. मी "नको!" म्हणेपर्यंत उशीर झाला. टेम्पो गेला, आम्ही तिथेच. किल्ली फिरवली की नुसतं 'टिक'. साडेअकरा वाजले.

धक्का द्यायला कारागीर उठले. एकाने सहज विचारलं, "साहब, काम क्या करते हो?"

मी डोळे वटारले, पण ह्यांना खरं बोलायची भारी हौस. "बिजली ऑफिस में."

सगळे परत बसले! "सुबह से लाइट नहीं है. थोड़ा रुको साहब, आ जाएगी."

हसावं की रडावं! मी पदर खोचून उतरले. "भैया, उधर मंडप में लड़की खड़ी है. ये उसका मामा है."

"मामा है? पहले बोलना था ना! भाभी, आप अंदर बैठो. धक्का साहब भी मारेंगे."

माझं लायसन्स नुकतंच आलेलं. दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी चालू! थांबले तर बंद पडेल म्हणून थांबलेच नाही. हे फेटा सावरत नाक्यापर्यंत पळत आले आणि तिथे कसेबसे आत शिरले.

मांडवापाशी नणंदेचे सासरे ओरडले, "मामा कुठं हाय? भटजी थांबलाय!"

हे पळाले. पळता पळता मला हुकूम, "तू उतरू नकोस! अ‍ॅक्सिलरेटर सोडलास तर परत कसं जायचं?"

मंगलाष्टकं सुरू झाली. मी बाहेर, पाय दाबून बसलेली. लहानपणी ह्या पोरीच्या वेण्या मी घातल्या होत्या. संतापाने डोळे भरून आले. चुलीत गेली गाडी! किल्ली काढली आणि आत गेले. मला पाहिलं नि ह्यांचा चेहराच बदलला. म्हटलं, झालं, आता घरी महाभारत.

संध्याकाळी एसटीने परतलो, गाडी वडप्यातच. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी एवढंच शिकले की गाडी सकाळी कण्हायला लागली की बॅटरी बदलावी, नवऱ्याचं ऐकत बसू नये.

एसटीत ह्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तू आत आलीस ते बरं केलंस. पोरीच्या मागे उभा होतो, सारखा हुंदका येत होता, पण एवढ्या माणसांत रडवेना. तू दिसलीस, म्हटलं, आता रडायला हरकत नाही."