देव्हाऱ्यावरचा चकाकीचा हात

विभाबद्दल लिहायचं म्हटलं की अजून तो वास घशाशी येतो. गोडसर, पिकून सडलेल्या केळ्यासारखा, आणि मागून डोळ्यांत टोचणारा.

विभा देवस्थळी आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहते. इथे जपानात ग्योतोकु स्टेशनच्या आसपास मराठी घरं बरीच झालीत, आणि त्यांतल्या निम्म्या घरांत तरी विभाने केलेला देव्हारा असेल. नवरा हरीश कॉम्प्युटरच्या नोकरीवर आला, त्याच्यामागून ही आली. नाशिकला फर्निचरच्या शोरूममध्ये होती; इथे भाषा अडली, म्हणून डबे भरण्याच्या कारखान्यात बाइतो धरला, म्हणजे अर्धवेळ काम. उरलेल्या दिवशी लाकूड. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारता येत नाही, म्हणून तिने स्वतःसाठी एक उभा देव्हारा केला. तो मी पाहिला, माझ्या भिशीतल्या बायकांनी पाहिला, आणि मग ती थांबलीच नाही.

सगळ्यांना देव्हारा चकचकीत हवा असतो. समईची ज्योत लाकडात दिसली पाहिजे म्हणतात. त्यासाठी विभा शेवटी पारदर्शक चकाकीचे तीन हात मारते, स्प्रेच्या डब्याने. हा डबा साधा नव्हे. त्याच्या बुडाशी एक कळ असते, ती दाबली की आतली दोन औषधं एकत्र होतात आणि मग कोट काचेसारखा कडक बसतो. ते औषध छातीत गेलं तर दमा जन्माचा लागू शकतो, हे मला तिनेच सांगितलं होतं. म्हणून तिचा थाट बघण्यासारखा असायचा. दोन्ही गालांवर गाळण्या लावलेला मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे, अंगभर पांढरा कागदी झगा.

"अगं, माशी दिसतेस तू," मी एकदा म्हटलं.

"हसा ताई, हसा. देव्हारा मागायला येता तेव्हा हीच माशी लागते तुम्हाला."

पूर्वी ती बाल्कनीत फवारायची. शेजारच्या आजीबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर तुषार उडाले, इमारतीच्या ऑफिसातून चिठ्ठी आली. तेव्हापासून आतली छोटी खोली. सगळीकडे निळी ताडपत्री, खिडकी उघडी, खिडकीत बाहेर तोंड केलेला पंखा. ती कामात हयगय करणारी बाई नाही, हे आधीच लिहून ठेवते. कारण पुढचं वाचून कोणी तिला बेफिकीर म्हणेल, आणि ते खरं नाही.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. विभाच्या सासरी घट बसतात आणि नऊ दिवस अखंड दिवा असतो. सासूबाई, सुलेखाताई, नाशिकला असतात; रोज संध्याकाळी फोनवर दिव्याचं दर्शन घेतात. अखंड दिवा एकटा सोडायचा नाही, हा त्यांच्या घरचा नेम. कोणीतरी त्या खोलीत हवंच. तेल घालायचं, काजळी झाडायची. त्या दिवशी जवळच्या उरायासुत राहणाऱ्या आर्याचा देव्हारा पुरा करायचा होता, अष्टमीला तिच्याकडे बसणार होता. म्हणून विभाने मला बोलावलं.

"ताई, तुम्ही नुसतं दिव्यापाशी बसा. जप तर तुम्ही घरीही करणार, तो इथे करा. वर चहा मिळेल."

बाहेर वादळाच्या कडेचा पाऊस होता. हवा इतकी ओली की टॉवेल वाळत नव्हते. ओल्या हवेत चकाकी मारली की ती दुधासारखी पांढुरते, म्हणून विभाने त्या दिवशी खिडकी लावून घेतली. आणि वास कोंडू नये म्हणून स्वयंपाकघरातला शेगडीवरचा मोठा पंखा लावला. शेगडी बंद केली, हीटरचा प्लग काढला. मग मास्क चढवला, मला हात केला आणि आत जाऊन दार लावलं.

हॉल मधोमध आहे. एका बाजूला ती खोली, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. घट जमिनीवरच होता, पाटावर, आणि दिवा त्याच्या उजव्या हाताला. मी समोर आसन टाकून माळ घेतली. आतून फुस्स, फुस्स असा आवाज येत होता.

थोड्या वेळाने वास आला. मी मनाशी म्हटलं, येणारच. मग डोळे चुरचुरायला लागले. पदर नाकाला लावला आणि माळ चालू ठेवली. दाराखालच्या फटीतून गार झुळूक पायांना लागत होती, ती माझ्यावरून स्वयंपाकघराकडे जात होती. पंखा तिला ओढत होता. हे मला तेव्हा कळत होतं, पण कळूनही त्याचा अर्थ लागत नव्हता.

आणि मग ज्योत वाढली.

वारा लागला की ज्योत हलते. ही हलली नाही. सरळ उभी राहिली, नेहमीपेक्षा उंच, आणि तिच्याभोवती फिकट निळं काहीतरी दिसायला लागलं, पातळ ओढणी पांघरल्यासारखं. क्षणभर माझे हात आपोआप जोडले गेले. खरंच जोडले गेले. आई अंबे, म्हटलं, तू आलीस का?

तेवढ्यात ते निळं एकदा फुगलं आणि परत आत बसलं. देवीच्या दर्शनाने माणसाचं मन शांत होतं. माझ्या तर तळव्यांना घाम फुटला होता, जीभ कोरडी पडली होती. गॅसची शेगडी मी तीस वर्षं पेटवते आहे. तो निळा रंग मला ओळखीचा होता.

फुंकर मारावी, तर दिवा फुंकून मालवायचा नसतो, आणि तो दुसऱ्याच्या घरचा अखंड दिवा. मी मालवला तर? आणि नाही मालवला तर? शेवटी पंचामृताचं रिकामं पितळी फुलपात्र उचललं आणि ज्योतीवर उपडं घातलं. बोट भाजलं. ते संध्याकाळी लक्षात आलं.

मग धावत बाल्कनीचं काचेचं दार पूर्ण सरकवलं. पाऊस आत आला. मुख्य दार उघडलं. विभाच्या खोलीवर दोन्ही मुठींनी मारत राहिले.

ती बाहेर आली ती मास्कसकट. तिची पहिली नजर घटाकडे गेली.

"ताई! दिवा!" मास्कमधून घुमल्यासारखं आलं.

"मी झाकला."

"तुम्ही? तुम्ही झाकलात?"

मी काही सांगायच्या आत ती गुडघ्यांवर बसली, फुलपात्र बाजूला केलं आणि पाटाशेजारचा लायटर उचलला.

मी तिच्यावर पडलेच. मनगट धरलं दोन्ही हातांनी.

"सोडा ताई! वात अजून गरम आहे. लगेच लावला तर खंड पडला असं होत नाही. सोडा ना!"

"विभा, नको गं! वास घे आधी!"

"कसला वास?"

तेव्हा मला कळलं. तिला वास येतच नव्हता. मास्क इतका चांगला होता की तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती कोऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. मी तिच्या गालावरची गाळणी ओढली. मास्क सुटला. तिने एक श्वास घेतला आणि चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. लायटरवरचा अंगठा तिने इतका सावकाश उचलला, की तेवढा वेळ मी श्वास धरून होते.

आम्ही बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये अनवाणी आलो. ती मागे वळली, "पंखा बंद करते," आणि उंबऱ्यातच थबकली. "नको. बटणाची ठिणगीसुद्धा नको." मग भिंतीला टेकून खाली बसली. कागदी झगा भिजून अंगाला चिकटला होता.

"डब्यावर लाल अक्षरांत लिहिलंय ताई, जवळ आग नको. मी वाचलंय. दर वेळी वाचते. शेगडी बंद केली, हीटर काढला." तिचे दात वाजत होते. "दिवा मला आग वाटलाच नाही हो."

मलाही वाटला नव्हता. तासभर त्याच्यासमोर बसून मी माळ ओढत होते.

जुई, तिची मुलगी, शाळेतून आली. लिफ्टमधून उतरताच नाक धरलं. "कुसाई! ममा, व्हॉट्स दॅट स्मेल?" विभाने तिला पोटाशी घेतलं नाही. उलट दोन पावलं मागे सरकली, "लांब राहा, माझ्या कपड्यांना लागलंय ते," म्हणाली. पोर रडकुंडीला आली.

संध्याकाळी फोन करायची वेळ झाली. खोटं बोलायचा मोह झाला नाही असं नाही. मीच म्हटलं, माझ्या घरचा दिवा दाखव, त्यांना काय कळणार. विभाने मान हलवली. माझ्या घराच्या दारात, कॉरिडॉरमध्येच उभं राहून तिने फोन लावला, स्पीकरवर.

"आई, दिवा विझला. म्हणजे विझवावा लागला."

आणि तिने झालेलं सगळं सांगितलं. मग सगळं ऐकून सुलेखाताई एकदम तडकल्या. "अक्कल आहे का तुला? घटाशेजारी फवारे कसले मारतेस? आर्याच्या देव्हाऱ्याला आग लागो!" मग स्वतःच दचकल्या. "नाही नाही, देवी, काय बोलले मी." आवाज बारीक झाला. "पोरगी कुठाय?"

"इथे आहे. ताईंकडे."

"दिवा लावलास का परत?"

"आता लावते, आई. दारं उघडीच आहेत."

"नको! ऐक माझं. आज लावू नकोस. वास गेला की नाही ते मला इथून कळायचं नाही, आणि तुझ्या नाकावर माझा आता भरवसा नाही. उद्या सकाळी लाव. देवीला काय सांगायचं ते मी इथून सांगते."

विभा "हो आई" म्हणाली आणि फोन बंद केला.

मी तिला न्हाणीघरात ढकललं. केस दोनदा धुवायला लावले, माझा पंजाबी ड्रेस दिला, तिचे कपडे पिशवीत बांधून बाल्कनीत टाकले. आमच्याकडे घट बसत नाहीत, पण देवापाशी समई असते. जुईने नमस्कार केला, प्रसाद घेतला. विभाला म्हटलं, ये, आता ये.

ती आली नाही. खोलीच्या दारातच बसली, ओले केस घट्ट टॉवेलात गुंडाळून. आधी मनगट नाकाशी नेलं, मग ड्रेसची बाही, मग टॉवेलचं टोक. परत मनगट.

"येतोय का हो वास, ताई?"

"नाही गं. साबणाचा येतोय."

"नक्की?"

"नक्की."

तिने तिथूनच हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत. समईच्या ज्योतीवर खिळवून ठेवले होते.