घटाखालची तांबडी माती

विट्याजवळच्या आमच्या रानात विहीर खोदताना काळ्या कातळाखाली हातभर तांबड्या मातीचा थर लागला. सासूबाईंनी त्यातली पाटीभर माती घरी आणली आणि नवरात्रात देवीचा घट त्याच मातीवर बसवायला निघाल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं मला काही गप्प बसवेना.

“आवं आत्या, ही माती उजेडात हुती तवा डायनोसॉर हिंडत हुते. मग तिच्यावर लाव्हारस आला आणि ती विटेसारखी भाजून निघाली. साडेसहा कोटी वर्षं दगडाखाली पडून हाय. तवा माणूस न्हवता, गहूसुद्धा न्हवता. हिच्यात काय उगवणार?”

“आपल्याच रानातली हाय न्हवं?” एवढंच म्हणून त्यांनी घटाभोवती गहू पेरला आणि वर पाणी शिंपडलं.

मी रोज डोकावून बघायची. खोटं कशाला बोलू, माझंच खरं ठरावं असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसले आणि मी हरले असूनही आनंदानं ओरडले. दसऱ्यापर्यंत वीतभर पोपटी तुरे लवलवायला लागले. फौजेतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणं एक तुरा टोपीत खोवला. सासूबाईंनी एक माझ्या वेणीत खोवला आणि म्हणाल्या, “भाजलेली कसली गं, लय उपाशी हुती बिचारी.”