मायच्या कोपरातला आवाज

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी मंगरूळपीरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. म्हणजे पुड्या बांधायचो आणि स्वतःला निम्मा डॉक्टर समजायचो. एकदा डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "धडधाकट माणसाच्या कोपरात छाती तपासायची नळी ठेवली, तर काहीच ऐकू येत नाही. आवाज आला, तर रक्ताची वाट कुठंतरी आवळलीय समजायचं." एवढं ज्ञान मला पुष्कळ झालं. त्यांची जुनी नळी मागून घेतली आणि रविवारी गावी जाऊन मायचा हात धरला.

फुस्स, फुस्स! सायकलच्या पंपासारखा आवाज. माझं तोंडच उतरलं.

"काहून रे, काय झालं?"

"माय, तुही नस आवळली."

"तुही अक्कल आवळली!" म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेली नाही. संध्याकाळी माझ्या बायकोला जवळ बसवून, पायातले तोडे आपल्यामागे कोणाला द्यायचे ते सांगू लागली. मग मात्र मी घाबरलो. सकाळच्या एसटीनं तिला दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी नळी ठेवली. "काही नाही."

"सायेब, आवाज हाय!"

"मग तू ठेव."

मी ठेवली. फुस्स, फुस्स. डॉक्टर माझ्या अंगठ्याकडे पाहत होते.

"केवढं दाबतोस! वाट तूच आवळलीस. अरुंद जागेतून रक्त जोरात सुटतं, पुढं मोकळं झालं की भोवरे घेतं. ते भोवरे बोलतात. नाल्याचं पाणी दोन दगडांमधून निघालं की बोलतं ना, तसं. रक्त फार पातळ झालं तरी खळखळतं." त्यांनी मायच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. "हिचं चांगलं आहे."

"म्हंजे मले हाच मारून राह्यला होता! उद्या वेचनीले जातो मी," माय म्हणाली. मग जरा थांबून, "मले आयकू द्या."

डॉक्टरांनी नळी तिच्या कानात घातली, दुसरं टोक तिच्याच कोपरात अलगद टेकवलं. शांत. किंचित दाबलं, तशी ती दचकली. सैल सोडलं. पुन्हा शांत.

"आता कुठी गेलं?"

"कुठं नाही. वाहतंच आहे."

"जलमापासून चालू हाय, अन् चूं नाई केलं?"

ती हाताकडे बघत बसली. मीही गुपचूप माझा हात चाचपला. बाकावर रोगी खोळंबले होते; तरी डॉक्टरांनी तिच्या कानातली नळी काढली नाही.