उजेडाचं खातं मंगलाताईंकडे

कुठल्याही स्टुडिओत फोटो काढण्यापेक्षा थांबण्यातच जास्त वेळ जातो. मेकअप होईपर्यंत थांबा, साडीच्या निऱ्या बसेपर्यंत थांबा, लाइट गेले तर ते येईपर्यंत थांबा. आणि माणसं थांबली की बोलतात! सुरतेत रिंग रोडमागच्या आमच्या स्टुडिओत असं थांबून थांबून एवढे किस्से साठलेत, की नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला सगळे ऐकवून होतात. दुसऱ्या आठवड्यात तोच ते दुसऱ्याला सांगतो, तेही स्वतः तिथे हजर असल्यासारखे!

आमचं काम साड्यांच्या कॅटलॉगचं. मालक हितेशभाई, कॅमेऱ्यामागे मी, म्हणजे भूषण, आणि उजेडाचं खातं मंगलाताईंकडे. ताई पन्नाशीच्या, मूळच्या अमळनेरकडच्या, राहायला डिंडोलीला. बहुतेक किस्से त्यांचेच आहेत. त्याला माझा इलाज नाही.

*

ताई आमच्याकडे आल्या त्या साड्यांना इस्त्री करायला. त्याआधी त्या पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ताके तपासायच्या. अख्खं कापड डोळ्याखालून घालायचं आणि कुठे धागा सुटलाय, कुठे डाग पडलाय ते शोधायचं. अशी कैक वर्षं केलेली बाई.

त्या दिवशी जरीची साडी होती. मी समोरून दोन फ्लॅश लावले होते. फोटो काढला की जरीकाम पांढरंफट्ट! कॅमेरा बदलला, फ्लॅशची पॉवर कमी केली, सगळं करून पाहिलं. साडी आपली वर्तमानपत्रात छापल्यासारखी सपाट. हितेशभाई घाम पुसतायत, पार्टी घड्याळ बघतेय.

मागून इस्त्रीच्या टेबलावरून आवाज आला, "दादा, कापडाच्या तोंडावर उजेड मारल्यावर ते काय बोलणार?"

मी जरा चिडूनच म्हणालो, "मग कुठे मारू?"

ताईंनी इस्त्री उभी केली, आल्या, आणि एक फ्लॅश उचलून साडीच्या पार बाजूला नेऊन ठेवला. इतका बाजूला, की उजेड कापडाला नुसता घासून जावा. दुसरा बंदच केला. "आता काढा."

काढला. जरीचा एकेक धागा उठून उभा! वेलबुट्टी हाताला लागेल की काय असं वाटावं. पार्टीने घड्याळावरचं लक्ष काढलं.

हितेशभाईंनी स्क्रीन पाहिला, ताईंकडे पाहिलं, आणि ओरडले, "मंगलाबेन, इस्त्री मूको!"

ताई घाबरून म्हणाल्या, "ठेवलीय हो भाई, उभी करून ठेवलीय."

"एम नहीं! कायमची मूको!"

*

हा छोटासाच आहे. एक मॉडेल होती, स्वभावाने गोड, पण सारखी एकच भुणभुण. "ताई, मी जाड दिसतेय. मी बारीक दिसेन असा लाइट लावा ना!"

सकाळपासून बाराव्यांदा तिने हे म्हटल्यावर ताईंनी समोरचा फ्लॅश बंद केला आणि एकच बाजूचा ठेवला. फोटोत अर्धी मॉडेल उजेडात, अर्धी काळ्याकुट्ट अंधारात.

ताई म्हणाल्या, "घे, निम्मी केली!"

गंमत म्हणजे त्या कॅटलॉगच्या कव्हरवर तोच फोटो गेला.

*

डिंडोलीत माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. घरचंच कार्य, म्हणून फोटो मी काढणार. हळदीच्या दिवशी मी मोठ्या ऐटीत फ्लॅश वरच्या दिशेला वळवला. छतावर उजेड आपटवला की तो मऊ होऊन खाली येतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. पण मांडवाचं छत होतं गुलाबी कापडाचं! नवरदेव गुलाबी, हळद गुलाबी, आमचे आजोबासुद्धा गुलाबी. करवल्या फोटो बघून खिदळायला लागल्या.

मंगलाताई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "पांढरं काय आहे घरात?"

शोधाशोध झाली. चादरी सगळ्या फुलाफुलांच्या. शेवटी नवरदेवाच्या मामांच्या पिशवीत दुसऱ्या दिवसासाठी आणलेलं कोरं करकरीत धोतर सापडलं. ताईंनी चार बायकांना चार टोकं दिली आणि ते धोतर माझ्या डोक्यावर तंबूसारखं ताणून धरायला लावलं. मी त्या धोतरावर फ्लॅश मारत फिरलो. मी जिथे जाईन तिथे चार बायका आणि धोतर! फोटो असे आले, की नवरीकडच्यांनी विचारलं, फोटोग्राफर कुठून मागवला?

अल्बम आल्यावर मामा फुरंगटले. "माझं धोतर घेतलं, चुरगाळलं, आणि एका फोटोत दाखवलं नाही!"

ताई म्हणाल्या, "मामा, असं कसं? सगळ्यांच्या तोंडावर तेच तर आहे!"

*

मुंबईहून एक मोठे फोटोग्राफर आले होते, दोन दिवसांच्या शूटसाठी. बरोबर सामानाच्या सहा बॅगा. माणूस सज्जन, पण सामानाचा फार अभिमान. प्रत्येक वस्तू काढताना ती कुठल्या देशाची ते सांगायचे.

त्यांना मॉडेलच्या फक्त कानातल्या झुमक्यावर उजेड हवा होता, बाकी कुठे सांडायला नको. सहाही बॅगा उलट्यापालट्या केल्या. ते नेमकं नळकांडं मुंबईत राहिलेलं!

ताईंनी आपल्या पिशवीतून पुठ्ठ्याचा एक निमुळता कोन काढला, रुंद तोंडाच्या बाजूने फ्लॅशला चिकटपट्टीने बांधला, आणि नेम धरला. फट्ट! झुमका तेवढा लखलखला. गालावर थेंबभर उजेड नाही.

साहेब खूश. कोन हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "वा! हे कुठल्या कंपनीचं?"

ताई म्हणाल्या, "लूमवाल्यांकडे मिळतं. पण आधी त्याच्यावरचं दोन किलो सूत संपवावं लागतं!"

साहेबांनी जाताना चार कोन मागून नेले. सातवी बॅग करून.

*

एका व्यापाऱ्याची साडी आली. पदर मोरपंखी, झकास. ताईंनी नेहमीप्रमाणे बाजूने उजेड टाकला आणि फोटोत पदरावर एक बारीक आडवी रेघ दिसायला लागली. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. ताईंनी पदर बोटांवर घेऊन पाहिला. "धागा चुकलाय. इथून तिथपर्यंत."

व्यापारी समोरच बसलेला. तो ताडकन उठला. "फोटो खींचने को दिया, और तुमने मेरे माल में खोट निकाला?"

हितेशभाईंचं मोठं गिऱ्हाईक. त्यांचा चेहरा उतरला. ते ताईंना हळूच म्हणाले, "बेन, समोरून मारा ना लाइट. रेघ जाईल."

"जाईल की," ताई म्हणाल्या. "पण साडी नेसणारी बाई काय फक्त समोरच्या उजेडात बसणार आहे का?"

"बेन, तुम्हाला सांगतो तेवढं करा."

 ताईंनी फ्लॅश समोर आणला, माझ्या हातात रिमोट दिला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि भर दुपारी घरी निघून गेल्या. मी समोरून फोटो काढले. रेघ गेली. व्यापारी पण गेला.  हितेशभाईंनी दोन वेळा चहा मागवला आणि दोन्ही वेळा तो निवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या नाहीत. व्यापारी मात्र आला. दाराशीच चपला काढून उभा. "वो बेन कहाँ है?"

रात्रभर त्याला चैन पडलं नव्हतं. सकाळी गोदाम उघडून त्याने तोच लॉट बाजूच्या उजेडात धरून पाहिला होता. प्रत्येक पदरावर तीच रेघ! अख्खा माल त्याच दिवशी बाहेरगावी रवाना होणार होता, तो त्याने थांबवला.

हितेशभाई स्वतः स्कूटरवर डिंडोलीला गेले आणि ताईंना मागे बसवून घेऊन आले. काय बोलले ते दोघांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून त्या व्यापाऱ्याचा माणूस मधूनमधून एक कापडी पिशवी घेऊन येतो. मी कॅमेरा उचलला की म्हणतो, "नहीं नहीं, फोटो नहीं लेना है. बस, मंगलाबेन को दिखाना है."

*

ताईंना सगळंच जमतं असं नाही हं! कतारगामहून एकदा हिऱ्याची अंगठी आली आणि ताई दोन दिवस हरल्या. साडीसारखा उजेड दिला तर हिरा काचेचा खडा दिसायचा. जास्त उजेड दिला तर साखरेचा!

तिसऱ्या दिवशी ताई काळी साडी नेसून आल्या. आम्ही म्हटलं, "ताई, संक्रांत तर होऊन गेली!"

"हिरा आरसा आहे रे. दोन दिवस माझी लाल साडीच चमकत होती त्यात." मग त्यांनी अंगठीभोवती काळे पुठ्ठे उभे केले आणि एका बारीक फटीतून फ्लॅश मारला. म्हणाल्या, "ह्याला उजेड कमी पडत नव्हता. अंधार कमी पडत होता."

हिरा पेटला! पण फोटो मोठा करून पाहिला, तर एका पैलूत पांढरा ठिपका. आणखी मोठा केला. ठिपक्याला हातपाय. आणखी मोठा केला. पांढरा सदरा घालून दारात उभे राहून मोबाइलवर बोलणारे हितेशभाई!

ताई मान वर न करता म्हणाल्या, "भाई, हिऱ्यातून बाहेर निघा."

*

आता हा शेवटचा. हा मी सहसा सगळ्यांना सांगत नाही.

ताईंच्या शेजारी कमळाबाई राहतात. त्यांना दोन जुळे मुलगे, राजू आणि रवी. दिसायला हुबेहूब. वडिलांच्या आजारपणात कोण किती धावलं, यावरून दोघांचं बिनसलं. रवी नाशिकला निघून गेला. तीन वर्षं भावाशी बोलणं नाही, आणि भावाच्या घरात आई आहे म्हणून तिला भेटायलाही येणं नाही. कमळाबाईंना फोटो हवा होता. दोन्ही मुलांबरोबर. राजू म्हणायचा, माझ्याबरोबर काढ. त्यांचं एकच, "दोन्ही पाहिजेत. नाही तर नको."

ताईंनी एका दुपारी मायलेकांना स्टुडिओत आणलं. युक्ती अशी होती. स्टुडिओत पूर्ण अंधार करायचा, कॅमेरा उघडा ठेवायचा. उजेडच नाही म्हटल्यावर फोटोत काही उमटणार नाही. मग एक फ्लॅश मारायचा, तो फक्त कमळाबाई आणि त्यांच्या डाव्या हाताला उभा असलेला राजू यांच्यावर. मग अंधारातच राजूने सदरा बदलून उजवीकडे जायचं. दुसरा फ्लॅश फक्त त्या जागेवर. एकाच फोटोत एक राजू आणि एक रवी.

राजू ऐकून लालबुंद झाला. "ताई, मी त्याचं सोंग घेणार नाही!"

"सोंग नको घेऊ," ताई म्हणाल्या. "नुसता तिथे उभा राहा."

सदरा कमळाबाईंनीच आणला होता. निळा, इस्त्री केलेला. रवीचा जुना. तो आपल्याच घरात इतकी वर्षं होता हे राजूला माहीत नव्हतं. त्याने तो हातात घेतला आणि आईच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिला.

पडदे ओढले. मी कॅमेरा उघडला. फट्ट! पहिला फ्लॅश झाला. मग किर्र अंधार. सदऱ्याची सळसळ, राजूची पावलं. तो आईच्या उजवीकडे येऊन उभा राहिल्याचं कळलं. ताईंच्या हातात फ्लॅश तयार होता.

तेवढ्यात अंधारात कमळाबाईंचा आवाज आला. त्या घरी बोलतात त्याच अहिराणीत.

"कितला वाळी गया रे, रव्या? टाइमवर जेवस ना?"

 मला वाटलं, आता राजू चिडून पडदा उघडणार. ताई फ्लॅश मारेनात. 

मग राजू म्हणाला, "हा माय. जेवस."

फट्ट!

दिवे लावले. आम्ही तिघं स्क्रीनपाशी आलो. कमळाबाई मध्ये बसलेल्या, एका बाजूला राजू, दुसऱ्या बाजूला रवी. आणि फोटोत नसायला हवा होता असा कमळाबाईंचा आणखी एक हात. अंधारात त्यांनी तो पुढे केला होता. निळ्या बाहीला घट्ट धरून.

ताई म्हणाल्या, "हात आलाय. पुन्हा काढू या?"

"नको," राजू म्हणाला. तो अजून त्याच निळ्या सदऱ्यात होता.  मग ताईंकडे वळून म्हणाला,

"ताई, तुमचा फोन द्या जरा. माझ्या नंबरवरून तो उचलणार नाही."